जुना खेळ, नवें यंत्र

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं, भर वैशाखांत, दुपारीं दोन वाजतां एक सुशिक्षित गृहस्थ टेलिव्हिजनच्या पाठीमागें डोकें खुपसून ओणवा बसला आहे आणि त्याची शहात्तर वर्षांची आई त्याच्या मानेवर पंख्यानें वारा घालीत आहे, असें दृश्य कोणा पाहुण्याच्या नजरेस पडलें असतें, तर घरांतील कांहीं महत्त्वाची वस्तु बिघडली आहे असाच तर्क त्यानें केला असता. वस्तुतः बिघडलें कांहींच नव्हतें. निदान त्या टेलिव्हिजनमध्यें तरी नव्हतें. २०२४ सालचा मे महिना होता, तो गृहस्थ मी होतों, आणि मी खेळ मांडीत होतों.

सोलापूरचा उन्हाळा ज्यांनीं भोगला आहे त्यांस दुपार या शब्दाचा अर्थ निराळा सांगावयास नको. बारापासून साडेचारपर्यंत रस्त्यावर कुत्रेंसुद्धां दिसत नाहीं. मुलांना तेवढा वेळ घरांत डांबून ठेवणें हें आमच्या गांवांतील प्रत्येक गृहिणीचें वार्षिक कर्तव्य होऊन बसलें आहे. आमच्या लहानपणीं त्यासाठीं पत्ते होते, सोंगट्या होत्या, बाबांच्या कपाटांतील मासिकांचे बांधीव अंक होते; आणि १९९५ च्या उन्हाळ्यापासून व्हिडिओ गेम होता.

जपानांतील निंटेंडो कंपनीनें १९८३ च्या जुलै महिन्यांत टेलिव्हिजनला जोडावयाचें खेळाचें एक यंत्र बाजारांत आणलें. फॅमिकॉम हें त्याचें नांव. मासायुकी उएमुरा या अभियंत्यानें तें रचलें होतें. आमच्या घरीं आलें तें अर्थात् तें नव्हे. पूर्वेकडील देशांत त्या यंत्राच्या नकला इतक्या निघाल्या कीं, १९९० नंतरच्या दशकांत आपल्याकडील बाजारांत अस्सल कोणतें आणि नक्कल कोणती हें विचारण्याचेंहि कोणाच्या मनांत येत नसे. आईनें भिशीच्या पैशांतून तें घेऊन दिलें. बाबा आठ दिवस तिच्याशीं तुटक बोलत होते. शेवटीं त्यांनीं दोन नियम घालून दिले: डोळ्यांसाठीं टेलिव्हिजनपासून पांच हात दूर बसावयाचें, आणि दर अर्ध्या तासानें यंत्राचा अडॅप्टर काढून गार होऊं द्यावयाचा. तो इतका तापे कीं, वर तूप वितळलें असतें.

यंत्रांत खोंचावयाच्या डबीला आम्ही कॅसेट म्हणत असूं. पहिली कॅसेट पिवळ्या रंगाची होती व तिजवर "९९९९ इन १" असें ठळक छापलें होतें. नऊ हजार नऊशें नव्याण्णव खेळ! धाकट्या भावानें एका सुटींत वही घेऊन तिचा हिशेब लावला. खरे खेळ एकोणीस निघाले. बाकीचे सारे त्यांचेच पुनर्जन्म. कॅसेट चालली नाहीं कीं तिच्या तोंडांत फुंकर मारावयाची, हा त्या काळीं सर्व भारतभर मान्य झालेला उपचार आम्हीहि करीत असूं. त्या फुंकरीनें कांहीं साधत नसे, उलट श्वासाच्या ओलाव्यानें तिच्या आंतील धातूचे दांते खराब होत, हें पुष्कळ वर्षांनीं वाचलें तेव्हां एक जुना वैद्य भोंदू निघाल्यासारखें वाईट वाटलें.

दुसरी कॅसेट कॉन्ट्राची. हा खेळ कोनामी या जपानी कंपनीनें १९८७ मध्यें नाण्यावर चालणाऱ्या यंत्रासाठीं काढला व पुढच्या वर्षीं घरच्या यंत्रावर आणला. त्यांत दोन सैनिक असतात, एक निळ्या विजारीचा आणि एक तांबड्या. मी थोरला म्हणून निळा माझा. धाकट्याच्या वाट्याला तांबडा. खेळाचा तिसरा टप्पा धबधब्याचा आहे. तेथें कड्याच्या एका पायरीवरून दुसरीवर उड्या मारीत दोघांनीं वर चढावयाचें असतें. मौज अशी कीं, पडद्यावरील चित्र वरच सरकतें, खालीं कधीं येत नाहीं. जो अगोदर चढेल त्याच्याबरोबर चित्र वर जातें, आणि जो मागें राहिला त्याच्या पायांखालचा खडक पडद्याच्या खालच्या कडेबाहेर निघून जातो. शत्रूची एक गोळीहि न लागतां तो मरतो. मी तेरा वर्षांचा होतों, तो नऊ वर्षांचा. माझीं बोटें चपळ होतीं. "दादा, थांब ना रे!" हें वाक्य मीं त्या एका उन्हाळ्यांत किती वेळां ऐकलें असेल त्याची गणती नाहीं. मी थांबत नसें. मागून "तूंच हळू आलास" असें म्हणत असें. आणि खेळाच्या नियमाप्रमाणें तें खरेंहि असे.

ही आठवण इतक्या विस्तारानें सांगण्याचें कारण पुढें येईल.

२०१३ सालीं बाबा गेले. टिळक चौकाजवळचें आमचें घर जुनें; त्याचें माळवद दुरुस्त करावयास कर्ज हवें होतें, आणि एका नांवावर घर असेल तर काम सोपें, असें सल्ला देणारानें सांगितलें. धाकटा त्या वेळीं पुण्यास स्थायिक झालेला. त्याला फोन केला. तो हुतात्मा एक्सप्रेसनें रात्रीं आला, दुसऱ्या दिवशीं निबंधकाच्या कचेरींत हक्कसोडपत्रावर सही केली, आणि परत गेला. कर्ज फिटलें कीं तुझा वांटा पुन्हां रीतसर नांवावर करून देईन, असें मीं त्याला तोंडानें सांगितलें होतें. कर्ज २०१९ त फिटलें. कागद राहिला. प्रथम खरोखरच राहिला. मग राहूं दिला. धाकट्यानें एका शब्दानें विचारलें नाहीं. आमच्यासारख्या घरांत भांडण होत नाहीं, अबोलाहि होत नाहीं. फक्त बोलण्याचे विषय एकेक करून कमी होत जातात. दिवाळीला तो येई, ओवाळणी झाली कीं दुसऱ्या दिवशीं निघे. गेलीं तीन वर्षें तर आमचें बोलणें हवापाणी आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या यांपलीकडे गेलें नव्हतें.

त्या वर्षीं आईनें हट्ट धरला कीं, धाकट्याच्या मुलानें सुटीचे पंधरा दिवस सोलापुरांत काढावे. धाकटा त्याला पोंचवावयास येणार व दोन दिवस राहणार असें ठरलें. त्याच सुमारास आईनें ट्रंक आवरली, आणि भातुकलीच्या पितळी भांड्यांखालीं त्या दोन्ही कॅसेट निघाल्या. यंत्र केव्हांच भंगारांत गेलें होतें. कॅसेट हातांत घेऊन मी बराच वेळ बसलों. जें तोंडानें बोलतां येत नाहीं तें दुसऱ्या कोणत्या तरी वस्तूकडून बोलवून घेण्याची पुरुषांना खोड असते. तीच मला नडली.

चिरंजीवांनीं सांगितलें कीं, जुनीं यंत्रें आतां शोधावयास नकोत. एका छोट्या संगणकावर तीं सारीं उभीं करतां येतात. हा संगणक म्हणजे रास्पबेरी पाय. आकारानें पत्त्याच्या पानापेक्षां फारसा मोठा नाहीं; एकच हिरवी पाटी, तिच्यावर सर्व अवयव उघडे. इंग्लंडांत केंब्रिज येथें तो तयार झाला व २०१२ च्या २९ फेब्रुवारीस प्रथम विक्रीस आला. त्या वेळीं किंमत पस्तीस डॉलर. विश्वविद्यालयांत संगणकशास्त्र शिकावयास येणाऱ्या मुलांना पूर्वींच्या मुलांसारखी प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिण्याची संवय राहिली नाहीं, हें तेथील अध्यापकांच्या ध्यानीं आलें, आणि पोराटोरांनीं निर्धास्तपणें मोडातोड करावी असा स्वस्त संगणक द्यावा म्हणून हा खटाटोप झाला. अभ्यासासाठीं निघालेल्या वस्तूवर जगभरच्या बापांनीं आपल्या बाळपणचे खेळ मांडले, हें पाहून त्या अध्यापकांना काय वाटलें असेल कोण जाणे! बाबांना मात्र काय वाटलें असतें तें मी नक्की सांगूं शकतों.

मीं त्याचा चौथा अवतार घेतला. पांचवा निघाला होता. पण रेट्रोपाय नांवाची जी तयार प्रणाली मला हवी होती, तिचें आयतें प्रतिरूप चौथ्यापर्यंतच होतें. तें प्रतिरूप लॅपटॉपवर उतरवून घ्यावयाचें, नखाएवढ्या एस.डी. कार्डावर लिहावयाचें, कार्ड पाटीच्या पोटाखालीं सारावयाचें, एवढेंच काम. कार्डावर लिहितांना पूर्वींचें सर्व पुसलें जातें, ही सूचना मीं वाचली होती. तरी पहिल्या खेपेस कार्ड निवडलें तें सौ.च्या माहेरच्या लग्नाच्या फोटोंचें. "खरोखर पुसूं ना?" असें यंत्रानें विचारलें म्हणून वांचलों. अशा प्रश्नांचें महत्त्व संसारी माणसाला निराळें सांगावयास नको.

येथपर्यंत सर्व सुरळीत. अडलें तें तारेशीं. टेलिव्हिजनला जोडण्याचें या संगणकाचें भोंक नेहमींच्या एचडीएमआयचें नसून मायक्रो जातीचें आहे. मीं आणली मिनी जातीची. दोन्ही लहान, दोन्ही सारख्याच दिसतात, आणि एक दुसऱ्यांत जात नाहीं. नव्या पेठेंतील दुकानदारानें ती बदलून दिली, पण "साहेब, तुम्ही नक्की काय बनवताय?" असें विचारल्यावांचून सोडलें नाहीं. मग वीज. मीं मोबाइलचा चार्जर लावला. पडद्याच्या कोपऱ्यांत एक पिवळी वीज चमकूं लागली. तिचा अर्थ, पोटाला कमी पडतें आहे. पांच व्होल्ट आणि तीन अँपिअरचा योग्य पुरवठा आणला तेव्हां ती निमाली. मग त्याच कोपऱ्यांत थर्मामीटर दिसूं लागला. या संगणकाचा मेंदू ऐंशी अंशांवर गेला कीं आपण होऊन मंद चालतो. केंब्रिजच्या हवेंत तें ठीक आहे. आमच्या माजघरांत त्या दुपारीं माणसाचाच मेंदू मंद चालत होता. आई पंखा हालवीत म्हणाली, "वारा तुला घालूं कीं त्याला?" दुसऱ्या दिवशीं ॲल्युमिनियमची उष्णता शोषणारी पेटी आणि रुपयाएवढा पंखा आणला. तीस वर्षांपूर्वीं अडॅप्टर गार करीत बसलों होतों, आज हें. सोलापुरांत खेळाचें यंत्र म्हटलें कीं प्रथम त्याला वारा घालावयाचा, असाच नेम दिसतो.

हा संगणक जुन्या यंत्राचें काम कसें करतो हें मला समजून घ्यावयाचें होतें. चिरंजीवांनीं इम्युलेटर हा शब्द सांगितला. मला बहुरूपी आठवला. बहुरूपी पोलिसाचा वेष घेतो तेव्हां तो नुसती टोपी घालीत नाहीं. चाल, खांकरणें, दरडावणें सारें पोलिसाचें उचलतो. तसा हा प्रोग्रॅम जुन्या यंत्राच्या मेंदूची प्रत्येक आज्ञा, चित्राच्या व ध्वनीच्या तुकड्यांची प्रत्येक लकब, बरोबर त्याच तालांत करून दाखवितो; खेळाला बिचाऱ्याला कळतहि नाहीं कीं, आपण परक्या घरीं आहों. जुन्या मेंदूचे ठोके सेकंदास सुमारें अठरा लाख. याचे दीडशें कोटी, आणि असे मेंदू चार. जुन्याची कामापुरती स्मृति दोन किलोबाइट, म्हणजे दोन हजार अठ्ठेचाळीस रोमन अक्षरें. १९८५ चा अख्खा सुपर मारिओ, त्याचे बत्तीस टप्पे, गाणीं, कासवें आणि राजकन्येसह, चाळीस किलोबाइटांत बसविलेला आहे. आजकालच्या मोबाइलमधील एका फोटोला त्याच्या कितीतरी पट जागा लागते. काटकसर कशी करावी हें त्या मंडळींकडून आमच्या पिढीच्या आयांनीं शिकावें असें मी म्हणणार होतों. पण आईनें भिशींतून काय काय केलें तें आठवून गप्प बसलों.

एका खेळानें मात्र निराशा केली. बदकें मारावयाचा खेळ. त्याची बंदूक कांहीं सोडीत नसे, उलट पाहत असे. चाप ओढला कीं पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागीं पांढरा चौकोन उमटे, आणि बंदुकीच्या नळींतील डोळ्याला तो उजेड दिसला तर बदक पडे. हें सारें जुन्या कांचेच्या नळीच्या टेलिव्हिजनच्या वेगावर बेतलेलें. आजचे सपाट टेलिव्हिजन चित्राला आधीं नटवून थटवून मग दाखवितात. त्यांत जो निमिष जातो तेवढ्यांत ती बंदूक आंधळी ठरते. मारिओसुद्धां प्रथम बटण दाबल्यावर जरा विचार करून उडी मारीत असल्यासारखा वाटे. टेलिव्हिजनच्या मांडणींत गेम मोड म्हणून एक सोय असते, ती चालू केली तेव्हां त्याचा आळस गेला.

उरला प्रश्न धर्माचा. संगणक आणि प्रणाली यांत कोणतीहि चोरी नाहीं, पण खेळ? खेळाचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मालकीचा असतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमांत अशी सवलत आहे कीं, ज्याच्यापाशीं प्रोग्रॅमची प्रत न्यायानें आहे त्यानें ती नष्ट होऊं नये म्हणून, किंवा ज्या कामासाठीं ती दिली त्याच कामीं लावण्यासाठीं, नक्कल करून ठेवावी. माझ्यापाशीं कॅसेट होत्या, पण न्यायानें होत्या काय? ९९९९ खेळांची बढाई मारणारी ती पिवळी डबी स्वतःच चोरीची होती. लोक इंटरनेटवरून वाटेल ते खेळ उतरवून घेतात व "आतां ते कोण विकतो?" म्हणून मनाचें समाधान करतात. कॉन्ट्रापुरतें तें समाधान खरेंहि नाहीं. कोनामीनें २०१९ मध्यें आपल्या जुन्या कॉन्ट्रांचा संच नव्यानें विकावयास काढला आहे. तो मीं पैसे देऊन घेतला, आणि चिरंजीवांनीं त्यांतला जुना खेळ काढून पायवर नेला. एवढ्यानें ५२ वें कलम पुरतें संतुष्ट होतें, असें मी छातीवर हात ठेवून सांगणार नाहीं. बाकीच्या जागीं, हौसेनें नवे खेळ याच जुन्या यंत्रासाठीं लिहून जगाला फुकट देणारे कांहीं लोक आहेत, त्यांचे घातले. आईला ही सगळी कैफियत सांगितली, तेव्हां ती म्हणाली, "दुसऱ्याचं आहे हें कळल्यावर पैसे दिलेस ना? मग झालं." ती सहज बोलली कीं कसें, मला अजून कळलेलें नाहीं. मी उठून पाणी प्यावयास गेलों.

शुक्रवारीं रात्रीं हुतात्मानें धाकटा आणि त्याचा मुलगा आले. शनिवारीं दुपारीं जेवणें झाल्यावर मीं टेलिव्हिजन लावला. मुलांना कौतुक वाटलें तें अर्धा तास. पुतण्यानें पहिल्याच मरणानंतर विचारलें, "काका, ह्यांत सेव्ह करतां येतं ना?" येतें. दोन बटणें एकदम दाबलीं कीं खेळ ज्या क्षणीं आहे तसाच गोठवून ठेवतां येतो, आणि चूक झाली कीं त्या क्षणाकडे परततां येतें. आमच्या वेळीं हें नव्हतें. मुलांनीं पांच मिनिटांत तें तंत्र उचललें, मरणाची भीति गेली, तशी गोडीहि गेली, आणि तीं आपापले मोबाइल घेऊन गच्चीच्या जिन्यांत सांवलीला जाऊन बसलीं.

गेमपॅड दोन्ही सतरंजीवर पडले होते. धाकटा भिंतीला टेंकून वर्तमानपत्र चाळीत होता. मी कांहीं बोललों नाहीं, त्यानें कांहीं विचारलें नाहीं. तो पुढें सरकला आणि दुसऱ्या क्रमांकाचा गेमपॅड त्यानें उचलला. पांच हात दूर बसलों, बाबांच्या नियमाप्रमाणें. जंगल पार झालें. बोटांना सगळें ठाऊक होतें. मला तें फार चमत्कारिक वाटलें. शत्रूचा तळ पडला. धबधबा आला.

पहिल्या तीनचार पायऱ्या बरोबरीनें चढलों. मग मी एका कड्यावर थांबलों. तांबडा माझ्या खालच्या पायरीवर आला आणि तोहि थांबला. पाणी कोसळत होतें. दोन्ही सैनिक उगाच उभे.

"काय झालं?" तो म्हणाला.

"कांहीं नाहीं. तूं हो पुढें."

त्यानें पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलें. तेव्हां मीं तें वाक्य म्हटलें, जें पांच वर्षें मनांत घोळवीत होतों व जें प्रत्यक्षांत इतकें लहान आहे हें मला ठाऊक नव्हतें.

"तो कागद माझ्याकडून राहिला."

"माहीत आहे," तो म्हणाला. इतक्यांत वरून एक धोंडा गडगडत आला आणि त्यानें आम्हां दोघांनाहि नेलें. धाकटा हंसला नाहीं, पण त्यानें पुन्हां सुरू करण्याचें बटण मात्र स्वतः दाबलें. धबधबा आम्हीं तिसऱ्या प्रयत्नांत चढला. वर पोंचतांना मी मागें होतों कीं तो, तें आतां आठवत नाहीं.

सोमवारीं मी वकिलांकडे गेलों. नोंदलेलें हक्कसोडपत्र नुसतें फाडून टाकतां येत नाहीं. नवा दस्त करून तो नोंदवावा लागेल, मुद्रांकशुल्क भरावें लागेल, आणि आईचीहि संमति घ्यावी असें ते म्हणाले. मसुद्याला वेळ लागेल, असेंहि म्हणाले. धाकट्याला तसें कळविलें. त्याचें उत्तर आलें, "बरं. पंखा चालतो आहे ना?"

तो रविवारींच निघाला होता. मुलाला सूचना देऊन झाल्या, आईच्या गोळ्या तपासून झाल्या, पिशवी खांद्याला लावली. आणि मग दाराशीं जाऊन परत आला. दुसऱ्या क्रमांकाचा गेमपॅड त्यानें काढून घेतला, त्याची तार नीट गुंडाळली, आईच्या ट्रंकेंत पितळी भांड्यांवर ठेवला, आणि मुलांना बजावलें कीं, दिवाळीपर्यंत त्याला कोणीं हात लावावयाचा नाहीं.